खालांची छत्री

शेजारच्या खालांचा टीव्ही दोन महिने चादरीखाली होता. शिलाईच्या पैशांतून दर महिन्याचं रिचार्ज निघेना, आणि नात यंदा दहावीला. खालांनी आम्हाला विचारलं, "बेटा, पत्र्यावरचा जुना अँटेना परत जोडला तर काही दिसेल का?"

नाही दिसणार. त्या काड्यांच्या अँटेनावर आपण सगळ्यांनीच 'आलं का? आलं... गेलं!' करत दूरदर्शन पाहिलं. पण त्याला चित्र पुरवणारी जुनी प्रक्षेपण केंद्रं मार्च २०२२ पर्यंत जवळजवळ सगळी बंद झाली. आता बिनपैशाची सोय म्हणजे २००४ साली सुरू झालेली दूरदर्शनची डीडी फ्री डिश. छत्री, बॉक्स, वायर मिळून दोन हजारांच्या आसपास खर्च, तोही एकदाच. खालांना एकाने 'दरवर्षी कार्ड रिन्यू करावं लागतं' म्हणून सहाशे मागितले होते. असं काही नसतं, देऊ नका.

रविवारी असरनंतर आम्ही पत्र्यावर चढलो. या वाहिन्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. वडूजहून तो आग्नेयेला, कंपासवर सुमारे १३१ अंशांवर आहे. किब्ला पाहायचा मोबाईलमधला कंपास इथे कामाला येतो. आम्ही मात्र तो पत्र्यावरच धरला आणि अर्धा तास भलतीकडेच छत्री फिरवत बसलो! लोखंडाजवळ कंपास चुकतो. खाली अंगणात जाऊन दिशा घेतली, समोरची खूण धरली, तेव्हा जमलं. त्या दिशेला कडुलिंबाची फांदीसुद्धा आड नको.

उपग्रह आकाशात साठ अंश वर आहे, तरी ही लहान छत्री बरीच उभीच दिसते. म्हणून ती आभाळाकडे आडवी करू नका. खांब ओळंब्यात हवा. दोरीला दगड बांधला तरी कळतं. मग बॉक्सचा सिग्नलचा पडदा लावून एकाने आतून ओरडायचं, वरच्याने बोटभर सरकवून थांबायचं. 'स्ट्रेंग्थ'ला भुलू नका, 'क्वालिटी' वाढली पाहिजे. आपल्याकडचा आषाढातला वारा माहीतच आहे, तेव्हा नट कचकचून आवळा. मुसळधार पावसात चित्र गेलं तर पाऊस थांबेपर्यंत वाट पाहा, पोरांना पत्र्यावर चढवू नका.

नातीला पीएम ई-विद्याची दहावीची वाहिनी लागली. बरंचसं हिंदी-इंग्रजीत असतं, पण गणित कळतं म्हणाली. खालांना सह्याद्रीच्या बातम्या मिळाल्या. जुना अँटेना मात्र त्यांनी काढू दिला नाही. म्हणाल्या, "राहू दे, ईदच्या शेवया वाळत घालायला काड्या बऱ्या आहेत."