नंदी पैलतीरावर, महादेव ऐलतीरावर

शिवालयात पाऊल टाकताच भाविकाचा हात आधी नंदीच्या पाठीकडे जातो. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी वसलेल्या खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात हा हात रिकामाच राहतो. येथे नंदीच नाही. दक्षाच्या यज्ञाला सती निघाली ती नंदीवर बसून. तिने तेथे देहत्याग केला आणि महादेव कोपले. त्यांचा कोप शमविण्यासाठी विष्णू धावून आले. म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वरासमवेत धोपेश्वर या नावाने विष्णूही लिंगरूपाने आहेत, आणि नंदी तेवढा पलीकडे, कर्नाटकातील यडूरला राहिला, असे परंपरा सांगते. यडूरचे प्रसिद्ध देवस्थान वीरभद्राचे, म्हणजे दक्षयज्ञाचा विध्वंस करणाऱ्याचेच, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

सुशिक्षितांना अशा कथा भाबड्या वाटतात. पण एवढ्या भव्य शिवालयात नंदी का नसावा, हा प्रश्न कोणत्याही डोळस माणसास पडणारच; लोकमानसाने तो टाळला नाही, त्याचे उत्तर रचले. आणि ते रचताना नदीच्या दोन्ही काठांवरील क्षेत्रे एकाच कथेत गुंफली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून सीमेवर कटुता पुष्कळ झाली. कथेतला महादेव मात्र एका राज्यात आणि त्याचा नंदी दुसऱ्या राज्यात, असाच आहे.

तथापि कथेपाशीच थांबणे हाही मंदिरावर अन्यायच होय. शिलाहारांच्या राजवटीत, बाराव्या शतकात उभ्या राहिलेल्या या वास्तूचा स्वर्गमंडप पाहून यात्रेकरू थक्क होतो. छताच्या मध्यभागी वर्तुळाकार मोकळे आकाश, त्याच्याच खाली तशीच वर्तुळाकार शिळा आणि भोवती बारा खांबांचे कडे! बाहेर पाठीवर मंदिराचा भार पेलणारी हत्तींची रांग आहे. त्यांतील अनेकांच्या सोंडा भग्न आहेत. हे सारे पाहून झाले की मंडळी परततात. दक्षिणेकडील प्रवेशद्वाराजवळच्या शिलालेखापाशी थांबणारे थोडेच.

वास्तविक तो लेख थांबण्याजोगा आहे. तेराव्या शतकाच्या आरंभी देवगिरीच्या यादव सिंघणाने पन्हाळ्याच्या शिलाहार भोजाचा पराभव करून हे राज्य जिंकले. पुढे थोड्याच वर्षांत या विजेत्याने, पराभूत घराण्याच्या मुलखातील या देवास पूजाअर्चेसाठी एक गाव दान दिले. तेच हे संस्कृत दानपत्र, देवनागरी लिपीत कोरलेले. मंदिरातील अन्य लेख बहुतांशी जुन्या कन्नडमध्ये आहेत. गावातच पुरातन जैन मंदिरही आहे. मराठी, कन्नड, शैव, वैष्णव, जैन अशा ज्या चौकटींत आजचा वाद बसविला जातो, त्यांपैकी एकीतही खिद्रापूर मावत नाही. कथा जे दोन लिंगांतून सांगते, तेच शिलालेख आपल्या भाषेत सांगतात. फरक इतकाच की, कथा आजी नातवास सांगते आणि लेख वाचणारा पिढीत एखादाच निघतो.

म्हणून मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे एवढ्यावर समाधान मानता येणार नाही. कृष्णेच्या पुराने २००५ आणि २०१९ साली शिरोळ तालुका जलमय केला. आधीच झिजत चाललेली अक्षरे असे किती पूर सोसतील? त्यांचे ठसे नव्याने घ्यावेत, सर्व लेखांचा सुबोध मराठी व कन्नड अनुवाद छापून मंदिराच्या आवारात अल्प मोलाने द्यावा. खर्च फारसा नाही. विद्यापीठे सीमेच्या दोन्ही अंगांस आहेत, कोल्हापूरला एक आणि धारवाडला एक. जुने कन्नड वाचणारे धारवाडला मिळतील, संस्कृत लेख कोल्हापूरकडे सोपवावा. आणि यडूरच्या नंदीची कथा त्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर असावी.