मनाचिये गुंती : ऐकणेही शिकावे लागते

घरात कुणी गप्पगप्प राहू लागले की आपल्याकडे सल्ल्यांचा पाऊस पडतो. ‘देवाचे नाव घे’, ‘चार माणसांत मिसळ’, ‘आम्ही नाही का दिवस काढले?’ सांगणाऱ्यांची माया खरी असते. पण ज्याच्या जिवाची घुसमट होते, तो त्यामुळे आणखीच मिटून जातो. समुपदेशन शिकणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो हाच की, सल्ल्याची घाई करू नये.

जबलपूरला शैक्षणिक मानसशास्त्र व मार्गदर्शनाचे शासकीय महाविद्यालय आहे. शाळेत शिकवणारे शिक्षक तेथे पुन्हा विद्यार्थी होऊन बाकावर बसतात. वर्षानुवर्षे फळ्यापुढे उभे राहून ज्यांनी चूक-बरोबर सांगितले, त्यांना आता गप्प राहून ऐकायचे असते. हे वाटते तितके सोपे नाही.

समजा, बारावीत नापास झालेली मुलगी समोर बसली आहे. शिक्षक चटकन म्हणेल, ‘अगं, पुन्हा परीक्षेला बस की!’ समुपदेशक विचारील, ‘निकाल लागल्यापासून घरी कसं चाललंय?’ मग कळते की, दुःख नापास होण्याचे थोडे आणि बाबा बोलेनासे झाले याचे जास्त आहे. ‘जगणं नकोसं वाटतं का गं?’ हेही तो स्पष्ट विचारतो. असे विचारल्याने भलता विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट, कोंडलेले बोलायला वाट मिळते.

या ऐकण्याला शास्त्राचा दर्जा देणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स आधी शेतीशास्त्र शिकले, मग धर्मोपदेशक होण्याच्या वाटेला लागले आणि शेवटी मानसशास्त्राकडे वळले. तरुणपणी एका व्रात्य मुलाच्या आईला ते तिची चूक पटवून देत होते. बैठकांमागून बैठका झाल्या, उपयोग शून्य. दोघांनीही हात टेकले. निघता निघता ती दारातून वळली आणि म्हणाली, ‘तुम्ही इथे मोठ्या माणसांनाही मदत करता का?’ मग तिने आपल्या संसाराची खरी व्यथा सांगितली. काय दुखते आहे हे त्या माणसालाच ठाऊक असते, हे रॉजर्सना त्या दिवशी उमगले.

पण नुसते ऐकूनही भागत नाही. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. महाराष्ट्रात ती रुजवण्यात कि. मो. फडके यांचा वाटा मोठा. नापास होणे वाईटच. परंतु ‘मी नापास झाले, म्हणजे मी टाकाऊ’ हा निष्कर्ष त्याहून घातक. तो खरा आहे का, हे त्या मुलीलाच तपासायला शिकवायचे. मात्र आधी तिचे ऐकून घ्यायचे, नाहीतर तो उपदेशच होईल.

जबलपूरच्या मराठी घरांत आणखी एक पेच असतो. शाळेत, बाजारात हिंदी; पण आजीजवळ रडायचे ते मराठीत. ‘जीव घाबराघुबरा होतो’ हे ज्या भाषेत सुचते, त्याच भाषेत सांगू द्यावे. शिकाऊ समुपदेशकाला दोन्ही भाषा येत असतील, तर ते त्याचे मोठेच भांडवल.

‘शिकाऊ आहे, त्याच्याकडे कशाला जायचे?’ असे काहींना वाटते. तो अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली काम करतो का, सांगितलेले गुप्त ठेवतो का, आपल्या आवाक्याबाहेरचे असेल तर पुढे पाठवतो का, हे निःसंकोच विचारावे. समुपदेशक औषधे देत नाही. ते काम मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचे. झोप उडाली, भास होऊ लागले किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली, तर वेळ न दवडता डॉक्टरांना गाठावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरात सर्वांना दिसेल असा लिहून ठेवावा.

आणि आपण घरच्यांनी काय करावे? मूल बोलू लागले की हातातले काम बाजूला ठेवावे आणि त्याचे वाक्य त्यालाच पुरे करू द्यावे.