आपलं तुणतुणं आपणच वाजवायचं!

सबमिशनची धामधूम चालू असतानाही सध्या आमच्या विंगमध्ये एकाच गोष्टीची चर्चा आहे, आणि ती गोष्ट ना प्लेसमेंट आहे ना क्रिकेट. चौघांनी वर्गणी काढून एक सिंथेसायझर मागवलाय. पार्सल अजून यायचंय, पण मेसमध्ये भाजीत मीठ कमी का जास्त यापेक्षा ते कुठपर्यंत आलं याचीच चौकशी जास्त होते.

यंत्र आहे कोर्ग या जपानी कंपनीचं, 'एनटीएस-१'ची २०२४ मध्ये आलेली दुसरी आवृत्ती. एका हातात मावेल एवढं. सुट्या भागांत येतं, सोल्डरिंगची भानगड नाही, स्क्रू आवळून आपणच जोडायचं. यूएसबीवर चालतं आणि एका वेळी एकच सूर काढतं. एवढ्यावर कोणी वर्गणी काढली नसती. खरी गंमत पुढे आहे. यात कोणता आवाज निघावा याचा प्रोग्राम आपण लिहू शकतो. त्यासाठी लागणारा एसडीके कंपनीने फुकट खुला ठेवलाय. सी किंवा सी++ मध्ये लिहा, कंपाइल करा, यंत्रात भरा आणि वाजवा. कोर्गने ही वाट २०१८ मध्ये 'प्रोलॉग' या मोठ्या कीबोर्डपासून सुरू केली आणि २०१९ मध्ये पहिल्या एनटीएस-१ मधून ती साधारण शंभर डॉलरच्या डब्यात आणली. न्यूझीलंडच्या 'डेल्यूज' या सिंथेसायझरच्या निर्मात्यांनी तर २०२३ मध्ये आतलं सगळं फर्मवेअरच खुलं करून टाकलं.

तेव्हा आनंद व्हायलाच हवा, आणि मलाही झालाय. पण रोजची चर्चा ऐकून एक शंका येते. जो तो विचारतोय, यात कुठले कुठले आवाज डाउनलोड करता येतील? अरे, दुसऱ्यांनी लिहिलेलेच आवाज भरायचे असतील तर मग लग्नातल्या ऑर्केस्ट्राच्या कॅसिओत आणि यात फरक तो काय? दार उघडं आहे म्हणून खूश व्हायचं आणि आत पाऊल टाकायचं नाही, असला हा प्रकार.

आपल्या देशात परकं वाद्य येणं ही काही नवी गोष्ट नाही. हार्मोनियम युरोपातून आली आणि मराठी रंगभूमीने तिला घरचीच करून टाकलं. गोविंदराव टेंब्यांचं नाव आजही आदराने घेतात. पण तिचे सूर कारखान्यातून ठरून येतात, श्रुती आणि मींड तिला जमत नाहीत, हा आक्षेप कायम राहिला. १९४० मध्ये रेडिओने तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. आक्षेप अगदीच खोटा नव्हता. आपला शुद्ध गांधार षड्जाच्या पाच चतुर्थांश पट असतो. कीबोर्डचा गांधार त्याहून सुमारे १४ सेंट चढा, म्हणजे एका अर्ध्या सुराचा जवळजवळ सातवा हिस्सा वर. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम तयार केली, त्यासाठी त्यांना वाद्याची रचनाच बदलावी लागली. खुल्या सिंथेसायझरमध्ये हेच काम म्हणजे बावीस आकड्यांचा एक तक्ता. सेकंड इयरच्या पोराला एका संध्याकाळी जमेल.

दुसरं उदाहरण मुंबईच्या चरणजित सिंग यांचं. हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे हे वादक. रोलँडचं 'टीबी-३०३' हे यंत्र गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा म्हणून निघालं होतं. यांनी १९८२ मध्ये ते आणि 'टीआर-८०८' घेऊन त्यावर चक्क दहा राग वाजवले. तेव्हा रेकॉर्ड फारशी कोणी ऐकली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक अवाक झाले. यंत्र सगळ्यांकडे तेच होतं, पण राग यांच्याकडे होते.

आता आपल्याकडे काय आहे? मी माहूरचा. रेणुकामातेच्या गडाखाली वाढलो. साडेतीन शक्तिपीठांपैकी हे एक पूर्ण पीठ, आणि गोंधळ्यांतले रेणुकराई हे याच देवीचे. (कदमराई तुळजाभवानीचे.) मोठ्या भावाच्या लग्नानंतर आमच्या घरी गोंधळ घातला. चौक मांडला, दिवटी पेटली, गावोगावच्या देवदेवतांना आवतण गेलं. वाद्यं म्हणाल तर संबळ, तुणतुणं आणि झांज. संबळ म्हणजे दोन ढोलांची जोडी, एक चढ्या आवाजाचा आणि एक खर्जाचा. वाजवायच्या काठ्यांपैकी एकीचं टोक वाकडं. खर्जाच्या ढोलावरचा घुमारा चढतो, उतरतो, बोलतो. आता बऱ्याच ठिकाणी संबळाच्या जागी ऑक्टोपॅड आलंय. त्यात संबळाचा एक ठोका रेकॉर्ड केलेला असतो आणि शंभर वेळा मारला तरी शंभर वेळा तोच निघतो. आमच्या गल्लीतल्या गोंधळीकाकांचं म्हणणं, हे वाजतं पण बोलत नाही. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर तिथे नमुना आहे, मॉडेल नाही.

मॉडेल करता येतं का? तुणतुण्यापासून सुरुवात करा. पोकळ लाकडी नळकांडं, तळाला कातडं, त्यातून वर बांबूच्या काठीवरच्या खुंटीला गेलेली एक तार. तार एक, सूर एक, आणि आपलं यंत्रही एका वेळी एकच सूर काढणारं! छेडलेल्या तारेची एक सोपी युक्ती कार्प्लस आणि स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. समजा यंत्र सेकंदाला ४८,००० आकडे बाहेर टाकतं आणि आपल्याला साधारण २०० हर्ट्झचा सूर हवाय. तर २४० आकड्यांची एक गोल रांग घ्या आणि तिच्यात वाटेल ते आकडे भरा. एकेक आकडा बाहेर टाका आणि त्याच्या जागी तो आणि त्याच्या शेजारचा यांची सरासरी ठेवा. बस्स! रांग फिरत राहते, कर्कशपणा लवकर विरतो आणि मूळ सूर रेंगाळतो. अगदी तारेसारखा. २४० आकडे म्हणजे एक किलोबाइटसुद्धा नाही. एवढं केलं की नुसती तार झाली. तळाचं कातडं तारेला कसं ओढतं, त्या 'टुंग'मध्ये उसळी कुठून येते, हे पुढचं काम, आणि ते कुठल्याही पुस्तकात तयार मिळणार नाही. त्यासाठी तुणतुण्यासमोर जाऊन बसावं लागेल.

कोणी म्हणेल हा पोरखेळ आहे, गेटचा अभ्यास करा. त्यांना एवढंच सांगतो की सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये तबला-मृदंगाच्या आवाजावर लिहिलं होतं. तो पोरखेळ नव्हता. आणि सिग्नल प्रोसेसिंगचा पेपर ज्यांना जड जातो त्यांनी वरची २४० आकड्यांची रांग एकदा लिहून बघावी. फिल्टर म्हणजे काय ते कानाने कळतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. यंत्रात तुणतुणं वाजायला लागलं तर गोंधळ्याला कोण बोलावणार? भीती खरी आहे. गोंधळ्यांची पोरं आज पुण्याला कंपनीत जातात आणि त्यांनी का जाऊ नये? पण ऑक्टोपॅड आमची वाट बघत थांबलं नाही, ते आलंच. प्रश्न इतकाच आहे की पुढचं यंत्र कोणाच्या कानाने बनणार. संबळ कसा बोलतो हे सांगणारी माणसं आज गडाखाली आहेत, तोवरच हे काम होऊ शकतं. वीस वर्षांनी कोड लिहिणारे ढीगभर मिळतील, पण ऐकून "हे चुकलं" म्हणणारा कोणी नसेल.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. पार्सलची वाट बघत बसू नका. ती रांग लॅपटॉपवरही चालते. सुट्टीत गावी जाल तेव्हा आपल्याकडच्या वादकाकडे जा आणि रीतसर परवानगी घेऊन नीट रेकॉर्डिंग करा. त्याच्या वेळेचे पैसे द्या, आणि जे बनेल त्यावर आधी त्याचं नाव घाला, मग आपलं. कोड खुला ठेवायचा हे चांगलंच, पण ज्याची विद्या घेतली त्याला विचारल्याशिवाय नाही. आणि बनलेला आवाज सगळ्यात आधी त्यालाच ऐकवा. तो नाही म्हणाला तर पुन्हा लिहा.

माहूरचं माझ्याकडे लागलं. किनवटच्या, लातूरच्या, परभणीच्या मित्रांनी आपापलं बघावं. आवाज प्रत्येकाच्या गावात आहे. ज्याला यायचंय त्याने रविवारी जेवणानंतर आमच्या विंगमध्ये यावं, येताना हेडफोन स्वतःचा आणावा.