बिलोरीचे माहेर

'बिलोरी' हा शब्द आपण फारसी समजतो. बिलोरी काच, बिलोरी आरसा. नुसत्या उच्चाराने दरबारी थाट उभा राहतो. तो आपल्याकडे आला फारसीतूनच, पण त्याचे माहेर मात्र इथलेच आहे. संस्कृतातले 'वैडूर्य' पालीत 'वेळुरिय' झाले. व्यापाराच्या वाटेने ते ग्रीकांकडे जाऊन 'बेरिल्लोस' बनले. अरबी-फारसीत 'बिल्लौर' झाले, तिथे अर्थ उरला स्फटिक. रत्न म्हणून गेलेली लेक काचेचे विशेषण होऊन परत आली आणि आपण तिला ओळखलेही नाही! जर्मन लोक चष्म्याला 'ब्रिले' म्हणतात, तेही याच घराण्यातले. पूर्वी या पारदर्शक खड्याची भिंगे करीत. व्होक्लँ या फ्रेंच शास्त्रज्ञाला १७९८ मध्ये याच खड्यात नवे मूलद्रव्य सापडले. त्याचे नाव आज बेरिलियम आहे.

पण मला खरी मौज वाटते ती पाणिनीची. 'विदूर' या गावापासून उत्पन्न होते ते वैदूर्य, असे सांगायला त्याने चौथ्या अध्यायात एक स्वतंत्र सूत्रच खर्ची घातले आहे. प्रत्यय लागला, 'वि'चा 'वै' झाला, काम संपले. पतंजलीने मात्र महाभाष्यात शंका काढली: हे रत्न विदूरात निघतेच कुठे? ते निघते वालवाय पर्वतात. विदूरात त्याला फक्त पैलू पाडतात, झिलई देतात. मग यावर तोड काय? व्यापारी जसे वाराणसीला आपापसांत 'जित्वरी' म्हणतात, तसे वैयाकरण वालवायालाच विदूर म्हणत असतील. व्याकरणाच्या ग्रंथात बाजारातली बोली साक्षीला यावी, हे मला फार लोभस वाटते. आजही हिरा खाणीतून निघतो आफ्रिकेत, पण नाव होते सुरतेचे.

काही अभ्यासक तर म्हणतात, शब्द मुळात द्राविडी असावा आणि 'द'पेक्षा 'ड'च जुना असावा. तसे असेल तर मराठीने 'वैडूर्य' लिहिले ते अशुद्ध मुळीच नव्हे.

आता सराफाकडे वैडूर्य मागा. तो केतूचा खडा म्हणून लसण्या पुढे करील. लसण्या म्हणजे मांजराच्या डोळ्यासारखी प्रकाशाची रेघ हलणारा खडा. त्यातला अस्सल म्हणतात तो ख्रिसोबेरिल. नावात बेरिल असले तरी ते खनिज निराळे. खऱ्या बेरिलचा सख्खा भाऊ पाचू! व्याकरणातही फरक आहेच: ते वैडूर्य, तो लसण्या.

म्हणून भाषांतरकारांशी माझे भांडण आहे. रामायणातल्या लंकेला वैडूर्याच्या पायऱ्या आहेत. तिथे कोशात बघून 'लसण्या' लिहिले, की वाचकाच्या डोळ्यांपुढे अंगठीतला खडा येतो आणि लंकेचा जिना अंगठीएवढा होतो. त्यापेक्षा 'वैडूर्य' तसेच ठेवावे. नाहीच जमले, तर 'बिलोरी' म्हणावे.