क्युबा बुडाला म्हणून सहकार का विकायचा?

"क्युबाचं काय झालं ते पाहा," एवढं म्हणून हल्ली सहकारी साखर कारखान्यांचा निकाल लावला जातो. सामुदायिक मालकीपायी तो देश बुडाला, तेव्हा आपलेही कारखाने खासगी मालकांना देऊन मोकळे व्हा, असा हा युक्तिवाद. अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरची ओळखच समर्थ सहकारी साखर कारखान्याची, म्हणून इथल्या ऊस उत्पादकाने तो मुळापासून तपासायला हवा.

क्युबाची पडझड खरी आहे. १९७० च्या हंगामासाठी फिडेल कॅस्ट्रोंनी एक कोटी टन साखरेचा संकल्प सोडला, अख्खा देश ऊसतोडीला जुंपला. साखर निघाली ८५ लाख टनांच्या आसपास. चढ्या भावाने ती घेणारा सोव्हिएत संघ १९९१ मध्ये संपला. २००२ मध्ये निम्म्याच्या आसपास कारखान्यांना टाळं लागलं. २०२१-२२ च्या हंगामात तिथे पाच लाख टनही साखर झाली नाही. त्याच हंगामात महाराष्ट्राने सुमारे १३७ लाख टन काढली. अमेरिकेच्या निर्बंधांनी क्युबाचं मोठं नुकसान केलं, हेही खरं. पण उसाचा भाव हवानात बसून ठरवण्याचा निर्णय तिथल्या सरकारचाच होता.

१९९३ मध्ये तिथे सरकारी शेतांच्या 'सहकारी' संस्था झाल्या. जमीन मात्र सरकारची, ऊस सरकारी कारखान्यालाच, भावही सरकारचा. २०२१ मध्ये दोन चलनांचं एक केलं, लहान खासगी उद्योगांना वाट दिली. महागाई भडकली आणि ऊस पिकवणारा होता तिथेच राहिला. बुडाला तो सरकारी हुकूम. त्याला सहकार म्हणणं चूक आहे.

आपल्याकडे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचा घातलेला पाया निराळा होता: जमीन शेतकऱ्याची, शेअर शेतकऱ्याचा, एका सभासदाला एकच मत.

खासगी कारखाना पैसे वेळेवर देतो, असंही सांगतात. काही देतात. पण १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, देण्याचं बंधन खासगी आणि सहकारी दोघांवरही आहे आणि थकबाकीच्या यादीत दोघेही सापडतात. २०२२ च्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यासह मराठवाड्यात ऊस फडातच उभा राहिला. चिटबॉयच्या मागे फिरूनही तोड मिळेना, टोळ्या गावाकडे निघालेल्या, तुरे आलेल्या उसाचं वजन रोज घटत चाललेलं. लागवड वाढली होती, गाळप क्षमता अपुरी पडली होती. मराठवाड्यात तेव्हा खासगी कारखानेही चालू होतेच.

सहकाराची बाजू घेणाऱ्यानेही एक गोष्ट ऐकून घ्यावी. निवडणूक बिनविरोध आणि वार्षिक सभा "मंजूर, मंजूर" म्हणत अर्ध्या तासात आटोपणार असेल, तर आपला सभासदही त्या क्युबन शेतकऱ्याइतकाच परका ठरतो. तेव्हा येत्या सभेला अहवाल वाचून जा. रिकव्हरी किती बसली, तोडणी-वाहतुकीचा खर्च टनामागे किती कापला, कर्ज किती वाढलं, हे उभं राहून विचारा आणि मिळालेलं उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.