तेरा तासांनी तुटलेली केबल

सर्व्हर एकामागून एक बंद पडले, की आम्ही आधी वेळा पाहतो. कोणता किती वाजता गेला? समुद्रतळाचं एक कोडं असंच सुटलं.

१८ नोव्हेंबर १९२९ ला न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला समुद्राखाली भूकंप झाला. उठलेल्या लाटांत किनाऱ्यावर पंचवीसहून जास्त माणसं गेली. तळावरच्या बारा टेलिग्राफ केबलही तुटल्या. जवळच्या लगेच, खोल पाण्यातल्या मात्र एकेक करून, शेवटची तेरा तासांनी! भूकंप काय तेरा तास चालतो?

१९५२ मध्ये ब्रूस हीझन आणि मॉरिस युइंग यांनी त्या वेळा आणि अंतरं मांडली. भूकंपानं उतारावरचा गाळ घसरला, पाण्यात मिसळला. गढूळ पाणी स्वच्छ पाण्यापेक्षा जड, म्हणून ते तळाला धरून शेकडो किलोमीटर धावलं, वाटेतल्या केबल तोडत.

असे लोंढे पुन्हा पुन्हा आले, की तळावर नाळ कोरली जाते. काठावरून सांडलेल्या गाळाचे बांध तयार होतात. उतार कमी झाला, की आधी जाड वाळू बसते. बारीक चिखल पुढे जातो. बंगालच्या उपसागरात असा सुमारे ३,००० किलोमीटर लांबीचा पंखा पसरला आहे, मुख्यतः हिमालयाच्या मातीचा.

आपली खान नदी क्षिप्रेला, क्षिप्रा चंबळला, चंबळ यमुनेला आणि यमुना गंगेला मिळते. तेव्हा इंदूरची चिमूटभर मातीही तिथे असणारच. हल्ली मात्र वाटेत गांधीसागर धरण आहे, बराच गाळ तिथेच अडतो.