निबंध वाचणार कोण?

साहित्याच्या अभ्यासाचे मूल्यमापन निबंधवजा उत्तरांनी होऊ नये, कारण त्यांचे गुणदान परीक्षकागणिक बदलते, हा युक्तिवाद आज इतका सर्वमान्य झाला आहे की त्याचा प्रतिवाद करणारा परंपरेचा आंधळा कैवारी ठरतो. तो आरोप पत्करूनही असे म्हणावेसे वाटते की, हा युक्तिवाद खऱ्या पुराव्यावरून खोटा निष्कर्ष काढतो आणि त्याची किंमत विद्यार्थी मोजतात.

पुरावा खरा आहे, हे प्रथम मान्य करू. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू फिलिप हार्टॉग यांनी ई. सी. ऱ्होड्स यांच्यासह १९३५ साली इंग्लंडमधील परीक्षापद्धतीची चिकित्सा प्रसिद्ध केली. इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका चौदा परीक्षकांकडे वर्षभराहून अधिक काळाने पुन्हा तपासण्यास दिल्या असता, २१० निर्णयांपैकी ९२ निर्णय बदलले. म्हणजे परीक्षक एकमेकांशीच नव्हे, तर स्वत:शीही सहमत नव्हते.

परंतु वाचनागणिक निर्णय बदलतो, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाला अनपेक्षित असावी काय? आय. ए. रिचर्ड्स यांनी कवींची नावे वगळून कविता केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या आणि त्यांचे लेखी अभिप्राय १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये तपासले. अभिप्राय परस्परविरोधी आहेत म्हणून त्यांनी लेखन रद्द केले नाही. वाचन कोठे आणि का घसरते, याचाच शोध घेतला. मतभेद हे त्यांच्या दृष्टीने अभ्यासाचे साधन होते. येथे एक आक्षेप रास्त आहे: समीक्षकांच्या मतभेदाने कादंबरीचे वर्ष वाया जात नाही, विद्यार्थ्याचे जाते. पण या आक्षेपातून निष्पन्न होते ते एवढेच की, जेथे भवितव्य ठरते तेथे निबंध दोघांनी स्वतंत्रपणे वाचावा. निबंधच नको, हे त्यातून निष्पन्न होत नाही.

आपण मात्र नेमके तेच निष्पन्न करून घेतले. अध्यापकाची पात्रता ठरविणाऱ्या ‘नेट’ परीक्षेतील वर्णनात्मक तिसरी प्रश्नपत्रिका जून २०१२ पासून वस्तुनिष्ठ झाली. तेव्हापासून एकही सलग परिच्छेद न लिहिता साहित्याच्या अध्यापनाची ही पात्रता मिळविता येते. अशा रीतीने पात्र ठरलेल्या अध्यापकाने पुढे विद्यार्थ्यांच्या निबंधांची पारख करावी, अशी आपली अपेक्षा असते! दोष त्या अध्यापकाचा नव्हे. त्याला कोणी लिहावयास सांगितलेच नाही.

तथापि निबंधाचे खरे शत्रू बाहेर नाहीत. ‘‘कोसला’तील अस्तित्ववादी जाणीव सोदाहरण स्पष्ट करा’ अशा साच्याचा प्रश्न घ्या. त्यात निर्णय अगोदरच दिलेला आहे. अशी जाणीव या कादंबरीत आहे काय, आणि ती आहे असे म्हटल्याने तिचे वाचन समृद्ध होते की आखडते, हे विचारण्याची मुभा विद्यार्थ्याला नाही. त्याने फक्त उदाहरणे पुरवावयाची. या कामाला कादंबरी वाचण्याची गरज नसते; गाइड पुरते. २०२२ च्या अखेरीस निबंध लिहिणारी संगणकीय यंत्रे सर्वांच्या हाती आली, तेव्हा विद्यार्थी अप्रामाणिक होतील अशी ओरड झाली. वस्तुत: जे काम गाइड वर्षानुवर्षे करीत होते, तेच यंत्राने फुकट आणि चटकन करून दाखविले. त्याने उघडे पाडले ते आपल्या प्रश्नांना.

मग करावे काय? अपरिचित उतारा वा कविता द्यावी. प्रश्नातून निर्णय काढून टाकावा. निबंधाचा पहिला खर्डा वर्गातच लिहून घ्यावा, त्यावर गुण न देता लेखी अभिप्राय द्यावा आणि दुसऱ्या खर्ड्यानंतर विद्यार्थ्याला त्याच्या विधानांविषयी समोर बसवून विचारावे. यात नवे काहीच नाही. हे होत नाही त्याचे कारण सैद्धान्तिक नसून आर्थिक आहे. अनेक महाविद्यालयांत भाषेचे विभाग तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या जिवावर चालतात. त्यांना मानधन मिळते ते घेतलेल्या तासिकेचे. साठ निबंध वाचून त्यांच्या समासांत लिहिण्यात गेलेल्या रात्री कोणत्याही हिशेबात धरल्या जात नाहीत. अशा स्थितीत ‘वस्तुनिष्ठता’ हा शब्द ज्ञानशास्त्रीय थाटात उच्चारला जातो, पण त्याचा व्यवहारातील अर्थ काटकसर असा असतो.

निबंध हे कोणीतरी वाचील या अपेक्षेने केलेले लेखन आहे. आपल्या व्यवस्थेत त्याला परीक्षक लाभतो, वाचक लाभत नाही: उत्तरपत्रिका गठ्ठ्यात जाते आणि तिच्यातून केवळ एक आकडा परत येतो. आपले म्हणणे कोणाला पटले, कोठे लटके पडले, हे लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही. मूल्यमापनातील अन्याय म्हणून आपण दोन परीक्षकांच्या गुणांतील तफावतीकडे बोट दाखवितो; न वाचले जाण्याचा हा अन्याय मात्र कोणत्याही पुनर्मूल्यांकनाने दूर होत नाही. निबंध रद्द करण्याचा ठराव मांडणाऱ्यांनी प्रथम एवढे सांगावे की, तो त्यांनी शेवटचा कधी वाचला होता.